अर्धी किल्ली

फळ्यावर मी आईबापाच्या रक्तगटांची चौकट काढत होते, तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरत कडेपर्यंत सरकला. लातूरच्या आमच्या क्लासमध्ये फोन बाहेर ठेवायचा नियम विद्यार्थ्यांना आहे, शिकवणाऱ्यांना नाही, आणि ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनात सलत असते. त्यामुळे एकशे ऐंशी डोकी फळ्याकडे बघायची सोडून फोनकडे बघू लागली. पहिल्या बाकावरची मुदखेडची उर्वी तर मान वाकडी करून वाचायच्या बेतात होती. मी फोन उचलला. नांदेडच्या प्रयोगशाळेतून श्रद्धाचा निरोप होता. जुनं मशीन बंद करतोय, सगळी माहिती नव्या मशीनवर न्यायची आहे, तुमची अर्धी किल्ली घेऊन गुरुवारी या, गुरुवार चुकला तर कुलूप पुन्हा कधीच उघडणार नाही. खाली आणखी एक ओळ होती, बहुधा मला धीर द्यायला लिहिलेली: माहिती फक्त वीस-पंचवीस मिनिटं उघडी राहील. मी फोन पालथा ठेवला आणि चौकट पुरी केली. आई ओ, बाप ओ, तर मूल ए असेल का? नाही, असं सगळे एका सुरात म्हणाले. आणि असलंच तर? मग मॅडम, रिपोर्ट चुकला, असं मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला, मीही हसले. हा विनोद दर वर्षी होतो आणि दर वर्षी मी हसते. पण त्या दिवशी हात झटकताना खडूच्या भुकटीसारखी ती वीस-पंचवीस मिनिटं काही हातावरून जाईनात.

मला लहानपणापासून नसत्या चौकशा फार. शेंग दिसली की सोलून बघायची, पाकीट दिसलं की उजेडात धरायचं. याच खोडीवर मी पुढे जीवशास्त्र घेतलं, पहिल्या वर्गात एम.एस्सी. झाले आणि आता हिमायतनगरपासून देगलूरपर्यंतच्या पोरापोरींना, ज्यांच्या आईबापांनी त्यांना डॉक्टर करायचं ठरवलंय, पेशीचं पोट फाडून दाखवते. माझ्या स्वतःच्या बाबतीत मात्र एक गोष्ट न सोललेली राहिली होती. त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं गाव गेलं तेव्हा मी दहा महिन्यांची होते. घरात दोन भाऊ, थोरला शरणप्पा आणि धाकटा शिवलिंग, आणि त्यांच्या बायका, साखराबाई आणि गुरम्मा. दोघी जावांना बारा दिवसांच्या अंतराने मुली झाल्या. साखराबाईची उज्वला, गुरम्माची महानंदा. दोघींची अंगडी एकाच कापडाची, काजळ एकाच डबीतलं, झोळीही एकच. जिला हात मोकळा ती दोघींनाही पाजायची. त्या पहाटे माळवद खाली आलं. सकाळपर्यंत साखराबाईचा नवरा आणि दोन मुलगे बाहेर काढून ओळीत ठेवले होते, शिवलिंग त्या रात्री परगावी होता. दुपारी झोळीच्या जागेवरून एक पोर जिवंत निघालं, केसांत, नाकात, कानांत माती. साखराबाई धावली आणि माझी उज्वला, माझी उज्वला करत तिने ते पोर छातीशी धरलं. गुरम्मा आपल्या पाच वर्षांच्या मुलाचा, बजरंगचा, हात धरून शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही. संध्याकाळी दुसरं पोर सापडलं, त्याचा चेहरा बघण्यासारखा राहिला नव्हता, आणि यादीत महानंदा असं नाव लागलं.

मी उज्वला. साखराबाईला मी आय म्हणते आणि गुरम्माला काकी. हे सगळं इतकं सरळ होतं की नऊ वर्षांची होईपर्यंत मला यात विचारण्यासारखं काही आहे हे सुचलंही नाही. मग एकदा नव्या गावातल्या नळावर दोन बाया बोलताना कानावर पडलं, ती पोरगी साखराबाईची म्हणून वाढली, पर कुनाची हाय ते कुनाला ठाव. मी घागर अर्धीच भरून घरी आले आणि आरशासमोर उभी राहिले. पुढची कित्येक वर्षं मी माझे कान, अंगठे, कपाळ या दोघींशी ताडून बघितले. हनुवटी आयची वाटायची, चालणं काकीचं. पण चालणं तर माणूस बघून बघूनही उचलतं. बी.एस्सी.ला असताना आरोग्य शिबिराचं निमित्त करून दोघींचे रक्तगट तपासून घेतले. दोघीही बी, मीही बी. त्या दिवशी मला शास्त्राचा इतका राग आला की मी दोन दिवस पुस्तक उघडलं नाही. काकीला ते कळलं नसावं. ती फक्त म्हणाली, पोरीचं तोंड का उतरलंय, आणि मला धपाटे करून घातले.

दोन हजार सोळा साली आमच्या गावात रक्ताच्या एका पिढीजात आजाराचा अभ्यास करायला नांदेडहून माणसं आली. घराघरांतल्या सगळ्यांचं रक्त घ्यायचं, त्यातली वंशाची सगळी अक्षरं वाचून मशीनमध्ये साठवायची, आणि आजार कुठून कुठे उतरतो ते बघायचं. ऐकायला चांगलं होतं, पण शाळेच्या पटांगणात सभा भरली तेव्हा निम्मं गाव उठून चाललं. का, ते बाहेरच्यांना कळेना. मला कळत होतं. भूकंपानंतर आमच्या गावाने घरं नुसती बांधली नाहीत, माणसंही नव्याने जोडली होती. विधुरांनी विधवांशी लग्नं लावली, कुणाचं पोर कुणाच्या मांडीवर गेलं, मामाचा बाप झाला, शेजारीण आई झाली. ते सगळं वीस-बावीस वर्षांत नीट मुरलं होतं. निवृत्तीमामा, ज्यांच्या घरात तीन आडनावांची मुलं एका ताटात जेवून मोठी झाली, ते उभे राहिले आणि म्हणाले, रक्त घ्या, पर कोन कुनाचं ते आमाला नको आन तुमालाबी नको. मग कुलपाची युक्ती निघाली. सगळी माहिती अशी गुंतवून ठेवायची की किल्लीवाचून तो नुसता अक्षरांचा भुसा. किल्लीचा अर्धा भाग प्रयोगशाळेकडे, अर्धा गावाकडे, आणि ज्याचं पान त्याने स्वतः हो म्हटल्याशिवाय ते वाचायचं नाही. गावाकडचा अर्धा भाग ठेवायला एकमताने मला निवडलं. गावात एम.एस्सी. मी एकटीच होते.

निवृत्तीमामांनी तेव्हा सगळ्यांसमोर मला विचारलं होतं, पोरी, किल्ली तुझ्यापाशी हाय, पर तुलाच उघडून बघू वाटलं तर? चोवीस वर्षांची होते मी, तोंडाने फटकळ. म्हणाले, मामा, माझ्या एकटीनं उघडतच न्हाई, म्हणून तर अर्धी हाय. लोक हसले आणि रक्त द्यायला रांग लागली. दोनशे चौदा माणसांनी दिलं, माझ्या शब्दावर दिलं. मी आतल्या खोलीत बसून नळ्यांना आकडे चिकटवत होते. एकशे सतरा साखराबाई, एकशे अठरा गुरम्मा, एकशे एकोणीस मी. तीन नळ्या माझ्या हाताला अजून कोमट लागत होत्या. मी त्या शेजारी शेजारी लावल्या आणि पेटीचं झाकण लावलं. पुढे रक्त वाचून झालं, कुलूप बसलं, अभ्यास काढणारे साहेब दुसऱ्या नोकरीवर गेले आणि ते सगळं नांदेडच्या एका थंड खोलीत आठ वर्षं तसंच राहिलं.

माझी अर्धी किल्ली म्हणजे बारा शब्द. मशीनने सोडतीसारखे काढलेले, एकमेकांशी काही संबंध नसलेले: कावळा, परात, उतारा, सुतळी, असे. कागदावर लिहायचे नाहीत असं सांगितलं होतं, आणि पाठांतर हा आमचा धंदाच आहे. मुलांना क्रेब्स चक्र ज्या पद्धतीने पाठ करायला लावते त्याच पद्धतीने मी त्या बारांची एक येडपट गोष्ट रचली आणि दर रविवारी केस धुताना ती मनातल्या मनात म्हणते. आठ वर्षांत एकही शब्द मागेपुढे झाला नाही. याचा मला अभिमान होता, आणि गुरुवारी सकाळी लातूरच्या स्टँडवर नांदेड गाडीत बसले तेव्हाही अभिमानच आहे असं मी स्वतःला सांगत होते. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. नेमून दिलेलं काम आहे, त्यात सांगायचं काय.

पण चाकूर गेल्यावर मी हिशोबाला लागले. वीस मिनिटं. श्रद्धा मशीनशी झटत असणार, मी शेजारी. एकशे एकोणीस म्हणजे मीच आहे हे तिला माहीत नाही. आकड्यांची नावं फक्त माझ्याकडे आहेत. सहज म्हणायचं, नमुना म्हणून एक नातं तपासून बघू या, मशीन चालतंय का ते कळेल. एकशे सतरा आणि एकशे एकोणीस. पडद्यावर हो किंवा नाही येईल, आणि मी म्हणेन, छान, चालतंय. कोणाचं काय गेलं? माझंच तर पान. अहमदपूरला गाडी थांबली, मी शेंगदाणे घेतले आणि एकही खाल्ला नाही. मला कळून करायचं काय होतं, याचा मी खरंच विचार केला. आयला सोडून मी कुठे जाणार नव्हते. काकीला आय म्हणणार नव्हते. दोघी एका घरात राहतात, एका फोनवर बोलतात, मी पाठवलेल्या दोन साड्यांतली कुठली कुणाची यावरून एवढ्या वर्षांत वाद झाला नाही. काहीच बदलणार नव्हतं. मग बघायला हरकत काय? आणि काहीच बदलणार नाही तर बघायचं कशाला? लोह्यापर्यंत मी या दोन प्रश्नांमध्ये येरझारा घातल्या. भीती वाटत नव्हती. ओठांच्या कडेला परीक्षेच्या सकाळी येतो तसला एक गोड कोरडेपणा आला होता, आणि तो मला आवडत होता, हे कबूल केलं पाहिजे.

श्रद्धा माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, चटपटीत, बोलताना चष्मा वर सरकवणारी. खोलीत इतकी थंडी की तिने मला स्वतःची शाल दिली. आधी तिने तिची अर्धी किल्ली घातली, मग खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ केली, तसा नियमच आहे. मी बारा शब्द एकेक करून टाइप केले. पडदा क्षणभर काळा झाला आणि मग आकडे धावू लागले. माझा सगळा गाव तिथे होता. निवृत्तीमामा, त्यांची तीन आडनावांची मुलं, नळावरच्या त्या दोन बायाही. मला एकदम लाज वाटली, कुणाच्या तरी न्हाणीच्या दारात उभी राहिल्यासारखी. आणि लाज वाटत असतानाच माझे डोळे एकशे एकोणीस शोधत होते.

नवं मशीन माहिती घेताना आपणहून एक तपासणी करतं. ती संपली तेव्हा एक पिवळी ओळ उमटली. श्रद्धा वाकून बघत म्हणाली, हे बघा मॅडम, एकशे सतरा आणि एकशे अठरा, दोन्ही एकच. कोणी जुळ्या बहिणी होत्या का? मी नाही म्हणाले. तर मग एकाच बाईचं रक्त दोन नावांवर गेलंय, ती म्हणाली, शिबिरात होतं असं. कुठलं खरं ते ठरवायला सोपं आहे, शेजारचा एकशे एकोणीस त्याच घरातला दिसतोय, त्याच्याशी नातं लावून तुमच्या यादीशी ताडलं की दोन मिनिटांत समजेल. तुम्ही हो म्हणा, गावातर्फे. तिचं बोट कळेवर होतं. मी ज्याची चाकूरपासून जुळवाजुळव करत आले ते तिनेच ताटात वाढून ठेवलं होतं, आणि वर नियमाचा शिक्काही. हो म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. पण नियम माझ्या डोक्यात पक्का बसलेला. ज्याचं पान त्याला विचारायचं. मी म्हणाले, एक फोन करते.

कुणाचं रक्त दोनदा गेलं असेल ते मला फोन लागायच्या आतच साधारण कळलं होतं. आमच्या घरात ही जुनीच रीत. जी मोकळी असेल ती दुसरीच्या नावाने उभी राहते. रेशनच्या दुकानात, दवाखान्याच्या चिठ्ठीला, ग्रामपंचायतीत. डोक्यावरून पदर घेतला की झालं, बाहेरून आलेल्याला साखराबाई कोण आणि गुरम्मा कोण. आय शेतात गेली असेल आणि काकीने तिचा नंबर लावला असेल, एवढंच. फोन आयने उचलला. मी विचारलं, आय, त्या रक्ताच्या दिवशी तू शाळंत आली व्हतीस का? ती म्हणाली, म्या कुठं आले. घरीच व्हते की, तूर निवडत बसले व्हते. मग का नाही आलीस, तर म्हणाली, "गुरम्मा म्हणली, तू बस, तुझ्या नावाचं म्याच देते. मला तवा लई धडधड व्हऊन राहिली व्हती. का गं, काय झालं?" काही नाही, काकीला दे, असं मी म्हणाले. काकीने फोन घेतला, तिच्या पायांतल्या जोडव्यांचा आवाज फरशीवरून अंगणात गेला, मग दाराची कडी वाजली.

मी बाहेरच्या व्हरांड्यात आले होते. काकी, असं कशापायी केलीस, मी विचारलं. तिला वाटलं मी रागावले आहे. ती उदगीरकडची, तिच्या बोलण्यात अजून तिकडचे कानडी हेल येतात, आणि मला ती लहानपणापासून अव्वा म्हणते, तिकडे आईला आणि लाडक्या पोरीला म्हणतात तसं. ती हळू म्हणाली:

"अव्वा, तू कुलूप कुलूप म्हणत व्हतीस. पर किल्ली हाय म्हणल्यावर कधीतरी उघडनारच की. तवा साखराबाईच्या नावाम्होरं ही तुझी लेक न्हवं असं निघालं असतं, तर ती जगली नसती. म्हणून तिच्या नावाचंबी म्याच दिले."

मी जीवशास्त्र शिकवते. दर वर्षी हजारभर पोरांना सांगते, जे दिसत नाही ते जे दिसतं त्यावरून काढा. मला काढायला एक श्वासही लागला नाही. मी साखराबाईची असते, तर तिचंच रक्त तिच्या नावापुढे खरं ठरलं असतं. तिथे काकीने आपलं घातलं असतं, तर उलट साखराबाईच खोटी ठरली असती. काकीचं रक्त तिथे घालून जाव खरी ठरते, असं एकाच परिस्थितीत होतं. आणि ती परिस्थिती काकीला माहीत होती. आठ वर्षांपूर्वी नाही, त्या दुपारीच, माझ्या नाकाकानांत माती असताना. बजरंगचा हात धरून ती गप्प उभी होती ती गोंधळून नव्हे. दर वर्षी तीस सप्टेंबरला स्मारकापाशी सगळ्या बाया आक्रोश करतात तेव्हा काकीच्या डोळ्यांत पाणी नसतं, तिचं काळीज दगडाचं आहे असं गावात सर्रास म्हणतात. तिची महानंदा तर तिच्या शेजारी उभी असायची, फुलांची परडी धरून. आतल्या खोलीत दोनशे चौदा जणांची पानं उघडी पडली होती, आणि मला हवी होती ती गोष्ट त्यांतल्या एकाही पानावर नव्हती. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले. रडू आलं, ते दाबलं नाही, फक्त फोन तोंडापासून लांब धरला.

"उघडलीस का, अव्वा?" काकीने विचारलं.

"न्हाई काकी. उघडलं न्हाई." ते खरं होतं.

"मग नको उघडू." माझा श्वास तिला ऐकू जात असणार. या बाईने मला जन्मापासून ऐकलेलं. "तिचं कोनीच ऱ्हायलं नव्हतं गं. माझं बजरंग व्हतं."

मला खूप काही विचारायचं होतं. इतकी वर्षं शेजारच्या चुलीपाशी बसून मला दुसरीला आय म्हणताना ऐकायचं म्हणजे काय, रात्री झोप लागायची का, एकदाही, चिडून का होईना, तोंडातून निघालं कसं नाही. माझी आयुष्यभराची चौकशी सगळी घशाशी आली होती आणि समोरून उत्तर द्यायला माणूस होतं. आतून आयची हाक ऐकू आली, कुनाशी एवढं बोलून राहिलीस गुरम्मा, पोरगी बरी हाय न्हवं? काकी तिला म्हणाली, बरी हाय, बरी हाय, नांदेडला गेलीय कामाला. मग मला म्हणाली, जेवलीस का. मी हो म्हणाले. शनिवारी ये, ती म्हणाली, आन साखराबाईला काय बोलू नको, आणि फोन ठेवला.

मी नळावर तोंड धुतलं आणि आत गेले. बारा मिनिटं उरली होती. श्रद्धाने विचारलं, लावू का नातं? मी म्हणाले, नको, परवानगी नाही. आणि ते दोन एकच आलेत त्याचं काय, एक काढून टाकू? नको, मी म्हणाले, दोन्ही असू द्या, आहेत तसेच. तिने खांदे उडवले, काहीतरी टिपून घेतलं, आणि नव्या कुलपाचे नवे बारा शब्द माझ्यापुढे पडद्यावर आणले. मी ते तीनदा वाचले, डोळे मिटून म्हणून बघितले. पाचव्या शब्दाला अडखळले, परत पहिल्यापासून. पाठ झाल्यावर मान हलवली. पडदा पुन्हा भुशाने भरला. निवृत्तीमामा गेले, नळावरच्या बाया गेल्या, आम्ही तिघी गेलो. श्रद्धाने मशीनचं दार लावलं आणि माझ्या खांद्यावरची शाल घडी करून घेताना तिने माझ्या डोळ्यांकडे पाहिलं असावं.

"घरी सगळं ठीक ना? बराच वेळ बोलत होता. शेवटी कोण होतं फोनवर, आई?"

मी हो म्हणाले.